‘पोटगी मिळते’ असा माझा शेरा

"तुला तुझा नवरा पोटगी देतो, असा कागद आहे माझ्याकडे," मी त्या बाईला सांगितलं.

ती खिडकीचा गज धरून उभी होती. तशीच म्हणाली, "मंग मले काहून माहीत नाई, मॅडम?"

यात उद्धटपणा नव्हता. बस किती वाजता सुटते असं एखाद्याने विचारावं, तसं तिने विचारलं. सरकारी नोकरीत माझी तीस वर्षं होत आली होती. खिडकीतून शिव्या ऐकल्या होत्या, रडणं ऐकलं होतं, एकाने तर माझ्या टेबलावर चप्पल काढून ठेवली होती. पण असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "कोर्टात जाऊन विचार," असं म्हणून मी पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

त्या बाईचं नाव नंदा.

नागपूरपासून बसने तासाभरावर असलेल्या एका तालुक्याच्या तहसील कार्यालयात मी निराधार शाखेत अकरा वर्षं होते. अव्वल कारकून म्हणून तिथूनच निवृत्त झाले. तालुक्याचं नाव लिहीत नाही, कारण चूक गावाची नव्हती. रोज सकाळी नागपुरातल्या मानेवाड्याहून निघायचं, बसस्थानकावर दुसरी बस पकडायची आणि साडेदहाच्या आत खिडकी उघडायची. खिडकी उघडायला मला कधी उशीर झाला नाही. नोकरीत ज्या थोड्या गोष्टींचा मला अभिमान होता, त्यातली ही एक.

बाहेरच्या माणसाला निराधार शाखा म्हणजे काय ते सांगायला हवं. ज्याला कुणाचा आधार नाही, त्याला सरकार दरमहा थोडी रक्कम देतं. अपंग, दुर्धर आजाराचे रोगी, विधवा, घटस्फोटित, नवऱ्याने टाकलेल्या बाया. रक्कम मोठी नसते. शेवटी शेवटी दीड हजार होती. पण ती बँकेत येते, बाईच्या स्वतःच्या नावावर येते, आणि गावाकडच्या बाईच्या आयुष्यात तिच्या स्वतःच्या नावावर येणारी ती बहुतेक पहिलीच गोष्ट असते.

यात विधवेचं काम सोपं. मृत्यूचा दाखला जोडला की झालं. टाकलेल्या बाईचं काम अवघड, कारण नवरा जिवंत असतो आणि तो नांदवत नाही याचा दाखला कुठल्याच कार्यालयात मिळत नाही. मग तलाठी गावात जातो, शेजाऱ्यांना विचारतो, पंचनामा करतो, पाच जणांच्या सह्या घेतो. एकदा असा पंचनामा तपासताना मी पाचव्या सहीवर थांबले. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं त्या बाईच्या नवऱ्याचं. तलाठ्याला बोलावून विचारलं, तर म्हणाला, "चौघं भेटले मॅडम, पाचवा कोणी भेटेना. हा तिथंच बसून होता. म्हणे, आणा, मी करतो." बायकोला त्याने सोडलं होतं हे खरंच होतं, आणि ते त्याच्याइतकं पक्कं कुणाला माहीत असणार? प्रकरण मंजूर झालं. आम्ही त्यावर आठवडाभर हसलो.

त्याच खात्यात आणखी एक प्रकार असतो, पोटगीचा. बाईने कोर्टात दावा केला, कोर्टाने नवऱ्याला दरमहा अमुक रक्कम द्यायला सांगितली, तर ती बाई निराधार धरायची की नाही? माझ्या टेबलाच्या काचेखाली एक टाइप केलेला कागद होता. कोण पात्र, कोण अपात्र, याची यादी. माझ्या आधीच्या कारकुनाने ती करून ठेवली होती आणि खुर्चीबरोबर ती माझ्याकडे आली होती. त्यात एक ओळ होती: पोटगीचा आदेश असल्यास अपात्र. अकरा वर्षं मी त्या ओळीवर बोट ठेवून निर्णय केले.

नंदाचा नवरा प्रमोद माझ्याकडे आला, तेव्हाही हेच झालं. कळमेश्वरच्या एका कारखान्यात तो फिटर होता. अंगावर कारखान्याचा गणवेश, गळ्यात ओळखपत्र. खिडकीवर न जाता सरळ आत आला, नमस्कार केला, बूट दाराशी काढले.

"मॅडम, एक सांगाचं होतं," तो म्हणाला. "माही बायको माहेरी राह्यते. तिले तुमच्या इथून निराधारचे पैसे भेटतात. अन् मी तिले पोटगी देतो. सरकारचा पैसा असा फुकट जाऊन राहिला, म्हणून सांगाले आलो."

त्याने पिशवीतून दोन कागद काढले. एक कोर्टाच्या आदेशाची नक्कल. नंदा मजुरी करते म्हणून कोर्टाने तिला काही दिलं नव्हतं, पण मुलगी पूर्वा हिच्यासाठी दरमहा दीड हजार मंजूर केले होते. दुसरी कोर्टात पैसे भरल्याची पावती. एका महिन्याची.

"दर महिन्याले भरता?" मी विचारलं.

"हो जी. पोरगी आहे ना माही."

बाकीच्या पावत्या मी मागितल्या नाहीत. एवढा स्वच्छ माणूस आपण होऊन आला, याचंच मला कौतुक वाटलं. शिपाई नामदेवला सांगून मी त्याला चहा पाजला. जाताना तो पुन्हा नमस्कार करून गेला. त्याच दिवशी नंदाच्या फाइलवर मी शेरा लिहिला: ‘पोटगी मिळते. अपात्र.’ पुढच्या बैठकीत योजनेच्या समितीने नाव कमी केलं. तलाठ्याला कळवलं. माझं काम झालं.

तीन महिन्यांनी नंदा आली. पासबुक छापून घेतलं तेव्हा तिला समजलं की पैसे आलेच नाहीत. तेव्हाचं आमचं बोलणं सुरुवातीला सांगितलंच. मी तिला कोर्टात पाठवलं आणि वर सांगितलं, "पोटगी मिळत नाही असा कागद आण, मग बघू."

आठ-दहा दिवसांनी ती परत आली. कापूस वेचायचे दिवस होते. एक दिवस कोर्टात आणि एक दिवस आमच्याकडे, असे दोन दिवस मजुरी बुडवून ती आली होती.

"कोर्टातला बाबू म्हणते, जे जमा झालं त्याचा कागद देतो. जे आलंच नाई, त्याचा कागद कसा देऊ?"

"मग काही जमा झालंय की नाही?"

"एक खेप झालं म्हणे. मले कोणी सांगतलंच नाई. ते तिथंच पडून होते. वकिलाची सही घेऊन काढले म्या." तिने ओच्यातून पैसे काढून दाखवले. जणू ते मीच मोजून घेणार होते.

मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "बघ, म्हणजे देतो ना तो."

ती बाकावर जाऊन बसली. बऱ्याच वेळाने नामदेवने येऊन सांगितलं, "मॅडम, ते बाई अजून बसून आहे." मी बाहेर गेले. तिला समजावून सांगितलं. खरंच समजावूनच सांगितलं, रागावले नाही. म्हटलं, "हे बघ नंदा, सरकार दोन्ही हातांनी देत नाही. जोवर पोटगीचा आदेश आहे, तोवर इथले पैसे सुरू होणार नाहीत. तो देत नसेल तर कोर्टात वसुलीचा अर्ज कर. नाहीतर आदेश गेला, म्हणजे रद्द झाला, की पैसे आपोआप येतील."

ते शेवटचं वाक्य मी सहज बोलले होते.

नंदाने वसुलीचा अर्ज केला. तारखा पडत गेल्या. वॉरंट निघालं की प्रमोद एक हप्ता भरायचा, तेवढ्यापुरतं वॉरंट थांबायचं, पुन्हा चार महिने काही नाही. हे मला नंतर कळलं. त्या काळात ती माझ्याकडे आली नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही तिची आठवण आली नाही. आमच्याकडे हयातीच्या दाखल्यांचे दिवस होते. खिडकीपुढे सकाळपासून म्हातारी माणसं बसलेली असत.

वर्ष झालं असेल. एक दिवस दुपारी जेवणाचा डबा उघडणार, तोच ती आली. केस नीट विंचरलेले, धुतलेलं लुगडं. तिने गजातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद आत सरकवला.

"घ्या जी मॅडम. झालं आता. आदेश गेला."

स्टॅम्प पेपर होता. खाली नोटरीचा शिक्का. तिची सही, प्रमोदची सही, दोन साक्षीदार. मी वाचायला लागले. पहिल्या परिच्छेदात नंदा नवऱ्याकडून आजपर्यंतची आणि यापुढची कोणतीही पोटगी मागणार नाही, वसुलीचा अर्ज काढून घेईल. दुसऱ्या परिच्छेदात मुलीसाठीही मागणार नाही. तिसऱ्या परिच्छेदात असं होतं की, पूर्वा ही प्रमोदपासून झालेली मुलगी नाही, हे मी राजीखुशीने लिहून देत आहे.

मी ती ओळ दोनदा वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली.  

"नंदा, हे तू वाचलंस का?"

"हो जी. वकिलानं मोठ्यानं वाचून दाखवलं."

"तिसऱ्या परिच्छेदातलंसुद्धा?"

"तेही वाचलं."

"खरं आहे हे?"

तिने माझ्याकडे पाहिलं.  "नाई जी," ती म्हणाली. "त्याचीच पोरगी आहे. नाक पायलं तरी समजते."

"मग सही काहून केली वं?"

"तो म्हणे, हे लिहून देशीन तरच आदेश जाईन. अन् तुमीच तं म्हणलं होतं, आदेश गेला की पैसे आपोआप येतीन. पोटगी तं येतच नाई, मॅडम. तुमचे पैसे महिन्याच्या महिन्याले येत होते. पोरीची शाळेची गाडी त्याच्यातच व्हाय. म्या इचार केला, जे येते ते धरू. कागदावर लिहिल्यानं का बाप बदलते का?"

मी त्या दिवशी जेवले नाही. तिला सांगितलं, "हा कागद मी घेत नाही. तू घरी जा, आणि हा कुणाला दाखवू नको." तिला वाटलं मी पुन्हा काही खोट काढली. तिचा चेहरा पडला. पण तेव्हा तिला समजावण्याइतकी मी भानावर नव्हते.

ती गेल्यावर मी कपाट उघडलं. हा कागद नाकारायचा तर कुठल्या नियमाने नाकारायचा, ते पाहावं म्हणून मूळ शासन निर्णय शोधायला लागले. अकरा वर्षांत तो उघडायची कधी गरज पडली नव्हती. काचेखालचा कागद होताच. जुन्या गठ्ठ्यात, सुतळीने बांधलेला, कडा वाळवीने खाल्लेला तो सापडला. पोटगीचं कलम मी बोट ठेवून वाचलं.

त्यात आदेशाचा प्रश्नच नव्हता. पोटगी न मिळालेली बाई पात्र होती. एवढंच नाही, उत्पन्नाच्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी पोटगी मिळणारी बाईसुद्धा पात्र होती. पूर्वाला मंजूर झालेली रक्कम वर्षभराची धरली तरी त्या मर्यादेच्या आत होती. म्हणजे प्रमोदने प्रत्येक महिन्याला इमानदारीने पैसे भरले असते, तरी नंदाचं नाव कमी करायचं काही कारण नव्हतं. मिळणं आणि आदेश असणं यातला फरक सरकारने कागदावर केला होता. कुणीतरी कधीतरी यादी आटोपशीर करताना तो पुसला होता, आणि मी ती यादी काचेखाली जपली होती.

मी तिथेच गठ्ठ्याशेजारी खाली बसले. नामदेवने विचारलं, "तब्येत बरी नाई का मॅडम?" मी त्याला काचेखालचा कागद काढायला सांगितला. तो काचेला चिकटला होता. निघताना त्याची अक्षरं काचेच्या खालच्या बाजूला राहिली. उलटी.

तहसीलदार साहेब माझ्याहून वीस वर्षांनी लहान. हुशार आणि वाईट नसलेला माणूस. त्यांनी मूळ कलम वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. "कधीपासून असं चाललंय?"

"माझ्या आधीपासून. माझ्या काळात अकरा वर्षं."

"या बाईचं पुढच्या बैठकीत घेऊ. सुरू करून टाका. मागचं जाऊ द्या." मग ते म्हणाले, "आणि कारणात ‘चूक’ वगैरे लिहू नका, मॅडम. तुमचे पाच महिने राहिलेत."

मी त्यांचं ऐकलं. टिपणीत लिहिलं: ‘आवश्यक कागदपत्रांची पूर्तता झाल्याने नाव पुन्हा समाविष्ट.’ कसली पूर्तता? त्या बाईने एकही नवीन कागद दिला नव्हता. नोकरीतला माझा सगळ्यात खोटा शेरा कुठला, असं कुणी विचारलं तर मी हा सांगेन. पहिला मी अज्ञानाने लिहिला होता. हा मात्र समजून उमजून लिहिला.

पैसे सुरू झाले, पण स्टॅम्प पेपर बाहेर होताच. प्रमोदकडे त्याची प्रत होती. त्याने ती कोर्टात दिली आणि पोटगीचा आदेश रद्द करा म्हणाला. नंदा घाबरून माझ्याकडे आली. मी तिला घेऊन कोर्टातल्या मोफत कायदेशीर मदतीच्या खोलीत गेले. तिथे एक तरुण वकील मॅडम होत्या. त्यांनी कागद वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"आईला मुलीचा हक्क असा सोडता येत नाही," त्या म्हणाल्या. "पण समोरचा म्हणणार, हिने स्वतःच लिहून दिलंय की मुलगी माझी नाही. मग कोर्ट विचारणार, बाई, खोटं होतं तर लिहून का दिलं? हिने काय सांगायचं?"

नंदा खाली बघत होती.

"तहसीलमधून सांगितलं होतं, असं सांगेल," मी म्हणाले.

"ही सांगेलच ते. त्यावर विश्वास कोण ठेवणार? तहसीलमधल्या कुणी येऊन सांगितलं पाहिजे."

वकील मॅडमना मी कोण ते माहीत नव्हतं. नंदासोबत आलेली कुणी नातेवाईक असावी, असं त्यांना वाटलं होतं. नंदा मात्र माझ्याकडे बघत होती. तिने मला काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

घरी येऊन मी मिस्टरांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "पेन्शनला काही होईल का?" मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, "मग विचारून घे कुणाला तरी." मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी गेले नसते, हे मला ठाऊक होतं.

निवृत्तीला दोन महिने असताना मी कोर्टात उभी राहिले. काचेखालचा तो कागद मी जपून ठेवला होता, तो दिला. मूळ शासन निर्णय दिला. सांगितलं की, आदेश आहे तोवर पैसे मिळणार नाहीत, असं या बाईला मी सांगितलं होतं. ते नियमाला धरून नव्हतं. आणि माझ्या सांगण्यावरून तिने हे लिहून दिलं. प्रमोदच्या वकिलाने विचारलं, "म्हणजे अकरा वर्षं तुम्ही नियम न वाचता काम केलं?" मी म्हणाले, "हो." मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. प्रमोद हसला नाही. तो माझ्याकडे अशा नजरेने पाहत होता, जणू त्याला चहा पाजून मी आता उलटले होते.

कोर्टाने तो कागद मानला नाही. थकलेली रक्कम आणि पुढची पोटगी कारखान्याने त्याच्या पगारातूनच कापून मुलीच्या खात्यात भरावी, असा आदेश झाला. आता ती दरमहा येते. नंदाचे निराधारचे पैसेही सुरू आहेत, कारण दोन्ही मिळू शकतात. पहिल्या दिवसापासून मिळू शकत होते.

माझ्याकडे खुलासा मागण्यात आला. मी तो दिला. निवृत्तीचे कागद काही महिने अडकले, मग सुटले. निरोप समारंभ झाला नाही. नामदेवने मात्र घरी येऊन नारळ दिला आणि म्हणाला, "मॅडम, ते नंदा तुमाले विचारून राहिली होती. पोरगी पाचवीत गेली, सांगा म्हणे."

इथे ही हकिगत संपायला हरकत नव्हती. पण मला झोप येईना. नंदासारख्या किती? नोकरीच्या शेवटच्या दोन महिन्यांत मी समितीच्या बैठकांची जुनी इतिवृत्तं काढून बसायचे. ‘पोटगी मिळते’ असा शेरा आणि खाली माझी सही. चौदा नावं निघाली. ती यादी मी साहेबांना लेखी दिली. या वेळी कारणात ‘चूक’ हाच शब्द लिहिला. साहेबांनी ती स्वीकारली, आणि बऱ्याच जणींना फेरअर्जाचे निरोप गेले. काहींचे पत्ते बदलले होते. एकीचं निधन झालं होतं. ज्यांना निरोप पोचले नाहीत, त्यांच्याकडे मी निवृत्त झाल्यावर स्वतः जायचं ठरवलं.

त्यांतली शेवटची सुमन. पारशिवनीच्या बाजूला एका खेड्यात ती भावाच्या घरी राहत होती. नऊ वर्षांपूर्वी मी तिचं नाव कमी केलं होतं. मला तिचा चेहरा आठवत नव्हता, कारण ती कधी खिडकीवर आलीच नव्हती. नाव कापलं गेलं आणि ती गप्प बसली, असं मी समजले होते.

घर सापडलं. अंगणात तिची भावजय सुपात तूर पाखडत होती. एका कडेला टिनाची वेगळी खोली होती, तिच्यातून सुमन बाहेर आली. पन्नाशीची असेल, दिसायला जास्त वाटत होती. मी कोण ते सांगितलं. मग तिला सांगितलं की, तुझं नाव कापलं ते चुकीने कापलं. तुझ्या नवऱ्याने पोटगी दिली की नाही, हे आम्ही तपासलंच नव्हतं. आता नवीन अर्ज भर, मी सोबत आणलाय.

अर्ज तिने हातात घेतला नाही. तिने विचारलं, "त्यानं काहीच देलं नाई, हे तुमाले माहीत आहे?"

"आता माहीत आहे. कोर्टात मी चौकशी केली. एकदाही जमा नाही."

"मंग हे एवढं त्यायले सांगता का जी?" तिने मान भावजयीकडे वळवली.

मला समजलं नाही. तिनेच हळू आवाजात सांगितलं. तेव्हा तलाठी या अंगणात येऊन सगळ्यांसमोर सांगून गेला होता की, बाईला नवऱ्याची पोटगी मिळते, म्हणून सरकारने नाव कापलं. भावाला वाटलं, बहीण पैसे घेते आणि लपवते. आपल्या घरी फुकट जेवते आणि आपल्यालाच फसवते. त्याने तिला टिनाची खोली काढून दिली आणि चूल वेगळी केली. सरकारी माणूस कशाला खोटं बोलेल?

 मी दीड हजाराचा हिशेब करत आले होते. त्या एका शेऱ्याने या घरात नऊ वर्षं काय चाललं होतं, ते माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं.

मी अंगणाच्या मधे उभी राहिले. भावजयीला म्हणाले, "बाई, मी तहसीलमध्ये होते. यांना नवऱ्याकडून कधी एक पैसाही आला नाही. तसं लिहिलं ते मी लिहिलं. ते खोटं होतं."

भावजयीचं सूप थांबलं.  मग मान वर करून तिने सुमनला विचारलं, "मंग तुमी तवा सांगतलं काहून नाई, ताई?"

"सांगतलं होतं," सुमन म्हणाली. "पयल्याच दिवशी सांगतलं होतं."